सोबत्याची मजुरी कोणत्या रकान्यात?



कापसाचा हमीभाव ठरवताना कृषिमूल्य आयोग जो खर्च धरतो त्यात बियाणे, खत, फवारणी तर येतेच, पण घरच्या माणसांनी शेतात केलेल्या कामाची मजुरीही येते. ती कमी धरतात, म्हणून आपण भांडतो, आणि भांडत राहणार. पण घरच्या श्रमाला किंमत असते एवढे तरी सरकारी कागदाने मान्य केले आहे. २०१८-१९ पासून 'दीडपट भाव दिला' म्हणून जो डांगोरा पिटतात, तो याच हिशेबावर. मग हाच घरचा माणूस वखर सोडून दवाखान्याच्या पायरीवर बसला की त्याची किंमत शून्य कशी होते?

हा प्रश्न आम्ही मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरून विचारतो आहोत. आमचे शिक्षण दापोलीच्या कृषी विद्यापीठात झाले, त्या भागात जाणे-येणे अजून आहे. तिथल्या एका भातशेतकऱ्याच्या घरातला हा आजार आम्ही दोन वर्षे जवळून पाहिला. बाईंना शौचावाटे रक्त पडायचे. मूळव्याध समजून वर्षभर झाडपाला झाला. वजन उतरले, पोट फुगू लागले, तेव्हा दुर्बिणीने तपासले. रोग यकृतात पोचला होता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले: मुळासकट जाईल याची हमी नाही, पण औषधाने आवरून धरता येईल, दिवस वाढतील आणि बरे जातील. गावाने यातले पहिले वाक्य ऐकले. 'आता पैसा कशाला घालतोस' असे सांगणारे चहा पिऊन गेले. नवऱ्याने दुसरे वाक्य ऐकले.

दर २१ दिवसांनी शिरेतून ऑक्सॅलिप्लॅटिन, मग १४ दिवस घरी कॅपसायटाबीनच्या गोळ्या, सात दिवस विसावा, की पुन्हा तेच. शिरेतल्या औषधानंतर काही दिवस गार पाण्याला हात लावला तर मुंग्या येतात, गार घोट घेतला तर घसा आवळतो. म्हणून पहाटे उठून प्यायचे, तोंड धुवायचे, सगळे पाणी कोमट करायचे काम नवऱ्याचे. गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात. आपल्याकडच्या बाईची कल्पना करा: बोटांना बधिरपणा, तळहात सोललेले, आणि समोर वेचणीला आलेला कापूस. बोंडाची वाळलेली टोके धडधाकट हाताला ओरबाडतात. ती वेचणी तिच्याकडून होणार नाही. मजूर लावावा लागेल. ताप शंभराच्या वर चढला तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा, कारण औषधाने अंगातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. मध्यरात्री गाडी कोण शोधणार?

आणि पोटावरची पिशवी. आतडे अडले म्हणून पोटाला वाट करून मलाची पिशवी लावली होती. ती काढणे, कातडी कोमट पाण्याने धुऊन कोरडी करणे, नवी बसवणे हे त्या माणसाने शिकून घेतले. चारचौघांत हे बोलायला लोक लाजतात. आम्ही मुद्दाम छापतो आहोत. बैल आजारी पडला तर त्याच्या शेणात हात घालून बघणाऱ्या आपल्या जातीला कसली लाज?

कोकणच्या माणसाला एक आधार असतो. टाटा रुग्णालय १९४१ पासून परळला आहे, आणि परळ-लालबागच्या चाळींत गिरण्यांच्या काळापासून कोकणची माणसे आहेत. दापोलीहून खेड, खेडहून कोकण रेल्वे, आणि रात्री पडायला चुलतभावाची खोली. तरी ते घर कर्जात गेले. यवतमाळच्या, बीडच्या माणसाचे परळला कोण आहे? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा भरली की फूटपाथ. नागपूरला तुकडोजी रुग्णालय आहे, संभाजीनगरला सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे. पण गावाहून तिथवरही एक दिवस जायला, एक सलाईनला, एक यायला.

मांडा हिशेब. २१ दिवसांची फेरी म्हणजे वर्षाला १७ फेऱ्या. तीन दिवसांप्रमाणे ५१ दिवस. २०१२ साली सुरू झालेल्या आणि आज महात्मा फुले यांचे नाव असलेल्या जनआरोग्य योजनेतून औषधाचे, शस्त्रक्रियेचे पैसे रुग्णालयाला मिळतात. चांगलीच गोष्ट आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण तिच्या मूळ पॅकेजात परतीचे भाडे आहे ते एकट्या रुग्णाचे. सोबत्याचे ५१ दिवस रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने १५,९१२ रुपये होतात. त्यात घरच्या रात्री धरलेल्या नाहीत, पेरणी हुकली ती धरलेली नाही. रेल्वेने मात्र कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरमध्ये पूर्ण माफी देताना सोबत्यालाही ७५ टक्के सवलत दिली. पिशवी लावलेली बाई एकटी प्रवास करत नाही, हे रेल्वेला कळते. बार्शीला १९८७ पासून खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवतात. सोबत्याची नोंद कुठल्या वहीत आहे?

ब्रिटनमध्ये १९७६ साली आजाऱ्याची काळजी घेणाऱ्याला भत्ता सुरू झाला. विवाहित स्त्रीला मात्र तो नाकारला. ती घरीच असते, तिचे काय बुडते, असा तो शहाणपणा. आईच्या सेवेसाठी नोकरी सोडलेल्या जॅकलीन ड्रेक कोर्टात गेल्या आणि १९८६ साली युरोपीय न्यायालयात जिंकल्या. तिथेही मागितल्याशिवाय मिळाले नाही.

मागण्याआधी आपल्याही ओट्यावर बघू. बायकोला मोठा आजार निघाला की तिला माहेरी पोचवून येणारे आपल्यात कमी नाहीत. नवऱ्याला निघाला तर तीच बाई शेत, गुरे, पोरे आणि खाट सांभाळते, आणि कोणी तिला शाबासकीही देत नाही. जो पुरुष सरकारकडे सोबत्याची मजुरी मागणार, त्याने आधी सोबती व्हावे. दापोलीचा तो माणूस काही जगावेगळा नव्हता. त्याची सावड गावाने केली नाही, एवढेच. आपल्याकडे इरजिक अजून मेलेली नाही. ज्या घरात असा आजार आहे त्या घराची पेरणी, निंदणी, वेचणी गावाने फेरीच्या तारखा बघून वाटून घ्यावी.

सरकारकडे मागणे तीन गोष्टींचे. सोबत्याला फेरीगणिक रोजगार हमीच्या दराने मजुरी. दोघांचे जाण्या-येण्याचे भाडे. आणि साधी किमो जिल्ह्याच्या रुग्णालयात: केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत दिवसभराची कॅन्सर उपचार केंद्रे काढू, असे लिहिले आहे. आपल्या जिल्ह्यात ते कुठे आहे, हे जिल्हा शल्यचिकित्सकाला लेखी विचारा.

बैठकीला येताना, गावात असे घर असेल तर त्यांची वही घेऊन या. फेरीची तारीख, भाडे, जेवण, बुडालेली मजुरी, लावलेल्या मजुराचे पैसे, आणि व्याजाने आणले असतील तर किती टक्क्यांनी.