वास्तूला तिथी हवी

जळगावचा रथ ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना मोगरी ठाऊक असते. मोगरी म्हणजे रथाच्या चाकाखाली द्यायचा लाकडी ठोकळा. उतारावर रथ धावू नये, गल्लीच्या वळणावर तो नेमका वळावा, म्हणून मोगरी लावणारे चाकाशी वाकून चालत असतात. दोर ओढायला शेकडो हात असतात. रथ आवरायचं काम या मोजक्या माणसांकडे असतं. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मला श्रीरामाची मूर्ती दिसायची, पण माझे डोळे त्या ठोकळ्यावर खिळलेले असायचे. अप्पा महाराजांनी १८७२ साली हा रथोत्सव सुरू केला. कार्तिकी एकादशी आली की जुनं जळगाव रस्त्यावर येतं. भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या दर्ग्यापाशी रथ थांबतो, मग पुढे निघतो. दीडशे वर्षांत पिढ्या बदलल्या, गाव बदललं, तिथी मात्र तीच राहिली.

२०२४ साली ती एकादशी १२ नोव्हेंबरला होती. त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचं शवप्रदर्शन सुरू झालं. दर दहा वर्षांनी येणारा हा सोहळा २०२५ च्या ५ जानेवारीला, रविवारी, संपला. या ४६ दिवसांतले दोन दिवस मी तिथे होतो. सोबत अमळनेरच्या माझ्या मामी होत्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात, पण वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा चुकवलेली मला आठवत नाही. "गोव्यात काय पाहायचंय तुम्हाला?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "जिथं एवढं माणूस जातं तिथं काहीतरी असंल."

आम्ही जळगावला गोवा एक्सप्रेसमध्ये बसलो. ही गाडी मनमाडहून वळते आणि नगरवरून पुण्याकडे जाते. नगर आलं की मला दरवेळी बालकवी आठवतात. धरणगावचा हा मुलगा १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजला, तिथे रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या नजरेत भरला आणि पुढे नगरला टिळकांच्या घरी घरच्या मुलासारखा राहिला. आपल्या खानदेशच्या सर्वांत कोवळ्या कवीला ख्रिस्ती टिळकांनी आणि लक्ष्मीबाईंनी माया लावली. चर्च म्हणजे परक्यांची जागा असं मला कधी वाटलं नाही, त्याचं मूळ बहुधा शाळेत ऐकलेल्या या गोष्टीत आहे.

जुनं गोवं हे आता गाव म्हणावं एवढंच उरलं आहे. एकेकाळी ही पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या साम्राज्याची राजधानी होती. रोगराईनं शहर ओस पडत गेलं आणि १८४३ साली राजधानीचा मान पणजीला गेला. घरं पडली, बाजार गेला. मांडवीच्या काठी चर्चं तेवढी उभी राहिली. त्यांत समोरासमोर दोन मोठी. एक बॉम जेझूचं, १५९४ ते १६०५ या काळात बांधलेलं. झेवियर यांचं शव एरवी इथे, उंच संगमरवरी चौथऱ्यावर, गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेल्या चांदीच्या पेटीत असतं. चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं पाठवलेला, १६९८ साली बसवलेला. दुसरं से कॅथेड्रल. दहा वर्षांनी एकदा शव चौथऱ्यावरून खाली येतं, मिरवणुकीनं से कॅथेड्रलमध्ये नेलं जातं आणि लोकांना ते जवळून पाहता येतं.

रांगेत आमच्या पुढे कारवारकडचं एक कुटुंब होतं, मागे मडगावच्या तीन बहिणी. बेळगावहून, सावंतवाडीहून पायी येणारेही असतात. कोणाच्या हातात मेणबत्त्या, कोणाच्या हातात झेंडूच्या माळा. बाहेर दुकानांच्या रांगा, त्यांवर गूळ-आल्याच्या खाज्याचे ढीग. मामींनी खाज्याचा एक तुकडा तोंडात टाकला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हाई ते आपली यात्राच शे, भाऊ!" कॅथेड्रलच्या दाराशी त्यांनी सवयीनं चपला काढल्या. दारावरचा स्वयंसेवक पोरगा काही बोलला नाही. त्यानं त्या चपला उचलून भिंतीकडेला नीट ठेवल्या आणि हात पुढे करून म्हणाला, "फुडें वचात." मामींना कोंकणी येत नाही, पण त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. शवपेटीपुढे थांबू देत नाहीत, चालता चालताच दर्शन घ्यायचं. पंढरपुरात घडीभरच्या दर्शनासाठी तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या बाईला हे सांगावं लागलं नाही. त्यांनी हात जोडले आणि त्या पुढे सरकल्या.

एवढी माणसं कशाला येतात, याचं उत्तर श्रद्धा एवढंच देऊन भागत नाही. या सोहळ्याचा जन्मच लोकांच्या शंकेतून झालेला आहे. झेवियर १५४२ साली गोव्यात आले, १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले आणि १५५४ साली त्यांचं शव गोव्यात आणलं गेलं. दोनशे वर्षांनी, १७५९ साली, पोर्तुगालनं जेझुइटांना, म्हणजे झेवियर यांच्याच संघाच्या पाद्र्यांना, हाकललं. तेव्हा कुजबुज सुरू झाली, की जाताना त्यांनी खरं शव नेलं आणि पेटीत दुसरंच ठेवलं. ती कुजबुज थांबवायला १७८२ साली पेटी लोकांपुढे उघडली गेली. हे पहिलं प्रदर्शन. दुसरं व्हायला १८५९ साल उजाडावं लागलं, पुढे ती अधूनमधून होत राहिली. १९५२ साली चारशे वर्षं झाली तेव्हा हे शेवटचंच, असं ठरलं होतं. १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज गेले आणि १९६४ साली लोकांसाठी पेटी पुन्हा खाली आली. तेव्हापासून दर दहा वर्षांचा नेम चालू आहे.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो दोन तारखांनी. से कॅथेड्रल संत कॅथरिनच्या नावाचं आहे, कारण १५१० साली पोर्तुगीज अल्बुकर्कनं गोवा जिंकला तो २५ नोव्हेंबर हा कॅथरिनचा दिवस. म्हणजे ही भव्य वास्तू मुळात विजयाची खूण आहे. आज त्या विजयाच्या दिवसासाठी कोणी पायी येत नाही. माणसं येतात ती ३ डिसेंबरला झेवियर यांच्या फेस्ताला, "गोंयच्या सायबा"च्या दिवशी. राज्यकर्त्याची तारीख पुसट झाली आणि लोकांनी धरलेली तारीख टिकली. वास्तू कोणी बांधली हे इतिहास सांगतो, पण पुढे ती कोणाची झाली हे पाहायचं तर तिथे कोणत्या दिवशी लोक जमतात ते पाहावं.

याचा अर्थ जुने घाव विसरायचे असा नाही. या भूमीवर देवळं पाडली गेली. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडता, इथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं आणि ते इथे यावं असं पत्र खुद्द झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं. १६८४ साली लोकांच्या भाषेवर बंदीचा हुकूम निघाला. हे सगळं खरं आहे आणि ते मुलांना शिकवलं पाहिजे. पण त्याच गोव्यात १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज आला. बॉम जेझूचा पाया घातला गेला तेव्हा त्याला इथे येऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यानं मराठी शिकून सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं आणि ते १६१६ साली छापलं गेलं. मराठीवर असं प्रेम करणारा माणूसही याच इतिहासात आहे. एक पान वाचताना दुसरं फाडायचं कारण नाही.

तिथी असली की वास्तूकडे लोकांचं लक्षही राहतं. बॉम जेझूचा जांभा दगड आज उघडा, तांबडा दिसतो आणि पर्यटकांना तेच तिचं रूप वाटतं. मुळात तिच्यावर गिलावा होता. तो १९५० च्या दशकात काढला गेला आणि तेव्हापासून प्रत्येक पावसाळा तो सच्छिद्र दगड थोडाथोडा खातो आहे. २०२० साली तिथल्या रेक्टरांनी याबद्दल जाहीर हाक दिली तेव्हा गोवा हळहळला, कारण ती भिंत प्रत्येकाच्या ओळखीची होती. जवळच्या मॉन्तच्या टेकडीवर एक लहान चॅपेल आहे. दुरुस्तीनंतर तिथे दरवर्षी संगीत महोत्सव भरू लागला, आत पाश्चात्त्य संगीत आणि बाहेर अंगणात, मांडवीवर सूर्य कलताना, हिंदुस्थानी रागसंगीत. तिथेही तारीख ठरली आणि दार उघडलं.

परतीच्या गाडीत मामी झोपल्या आणि मला थाळनेर आठवत राहिलं. शिरपूर तालुक्यातलं, तापीच्या काठचं थाळनेर. हीसुद्धा राजधानीच. बुऱ्हाणपूर वसण्याआधी फारुकी सुलतान इथून खानदेशावर राज्य करत होते आणि त्यांच्या दगडी कबरी अजून तिथे आहेत. तीही नदीकाठी ओस पडलेली राजधानी आणि जुनं गोवंही तसंच. एका ठिकाणी लाखो पावलं वळतात, दुसऱ्या ठिकाणी धुळ्याची मुलंसुद्धा जात नाहीत. मी चार वेळा गेलो, चारही वेळा गुराख्यांखेरीज कोणी भेटलं नाही. फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांची गत वेगळी नाही. भुसावळला रेल्वेच्या माणसांमुळे उभी राहिलेली जुनी चर्चं आहेत. तिथले ख्रिस्ती बांधव रविवारी प्रार्थनेला जमतात, पण बाकीच्या गावानं आत कधी पाऊल टाकलेलं नाही. दगड आपल्याकडे कमी नाहीत, त्यांना तिथी नाही.

आपल्याला तिथी पाळता येत नाही असंही नाही. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि दहा दिवसांच्या आत, ९ जानेवारीला, धुळेकरांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं केलं. त्यांच्या दफ्तराचे कागद त्यामुळे राहिले. जळगावचा रथ दीडशे वर्षं चालतो, अमळनेरच्या बोरीच्या पात्रात दर वैशाखात माणूस मावत नाही. मोगरी लावणारी माणसं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. थाळनेरसाठी वर्षातला एक दिवस ठरवा. शिरपूरच्या आणि धुळ्याच्या शिक्षकांनो, त्या दिवशी मुलांना तिथे घेऊन जा, कबरींची माहिती त्यांच्याच तोंडून गावाला सांगू द्या. भुसावळच्या चर्चमधल्या मंडळींनो, नाताळच्या आठवड्यातली एक संध्याकाळ गावासाठी दार उघडा, टिळकांची मराठी भजनं म्हणा; ऐकायला मी येईन, मामीही येतील. खर्च फार नाही, सरकारची वाट पाहायचीही गरज नाही. फक्त पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा यायचं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

गोव्यातली पेटी आता २०३४ च्या सुमारास खाली येईल. तोवर आपली दहा वर्षं वाया जाऊ नयेत.