ताहितीचे पाच महिने
‘बाउंटी’ जहाजावरच्या बंडाचं खापर आजही कप्तान ब्लायच्या क्रूरपणावर फुटतं. सिनेमांनी तर त्याला पुरता राक्षस केला. पण त्या काळाच्या मानाने त्याने फटक्यांची शिक्षा कमीच दिली, हे जहाजाच्या नोंदवहीतच दिसतं. मला खरं कारण वाटतो तो ताहितीचा मुक्काम. दहा महिने समुद्र कापून जहाज ऑक्टोबर १७८८ मध्ये तिथे पोहोचलं आणि नीरफणसाच्या रोपांसाठी पाच महिने थांबलं. खलाशांनी बेटावर घरोबा केला. जानेवारीत तिघे पळालेही. निघाल्यावर चौथ्याच आठवड्यात, २८ एप्रिल १७८९ ला, बंड झालं. कोणी म्हणेल, कप्तान कुकचं ‘एंडेव्हर’ जहाजही तिथे तीन महिने होतंच की! होतं, आणि त्याचेही दोन सैनिक पळाले. पण त्यांना पकडून आणायला कुककडे बाकीचे सैनिक होते. ब्लायकडे एकही नव्हता. त्याची जीभ जहरी होती हे मान्य, ठिणगी तिचीच. तरी बंडानंतर जहाजावर उरलेल्या पंचवीसपैकी सोळा जण पुन्हा ताहितीलाच उतरले (त्यातले काही बंडात नव्हतेही). ब्रिटिश नौदल आधी तिथेच शोधणार, हे उघड असूनही. १७९१ मध्ये ‘पँडोरा’ जहाजाने त्यातल्या चौदा जणांना तिथेच पकडलं.