मूत्रपिंडातील लहान गाठ: उपचारांची निवड

पित्ताशयाच्या किंवा प्रोस्टेटच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी करावी आणि मूत्रपिंडात गाठ आढळावी, असे उतारवयात अनेकदा घडते. घरातील सर्वच हादरतात. परंतु गाठ ४ सेंटिमीटरपर्यंतची व मूत्रपिंडापुरतीच मर्यादित असेल, तर संपूर्ण मूत्रपिंड काढण्याची गरज बहुधा पडत नाही. अशा गाठींपैकी साधारणतः पाचांत एक कर्करोगाची नसतेही.

पहिला मार्ग दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा. लहान छिद्रांतून फक्त गाठ काढून उरलेले मूत्रपिंड शिवले जाते. रोबोटच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रियाही हीच. तिथे हत्यारे रोबोटिक हातांत असली, तरी ती चालवतो शल्यविशारदच. गाठ समूळ निघते आणि तिची पूर्ण तपासणी होते, हा मोठा लाभ. मात्र पूर्ण भूल द्यावी लागते, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा बहुधा काही मिनिटे थांबवावा लागतो, आणि रक्तस्राव किंवा लघवीची गळती होण्याचा धोका राहतो.

दुसरा मार्ग सुईचा. सीटी स्कॅनमध्ये पाहत त्वचेतून गाठीत सुई नेऊन ती अतिशीत तापमानाने गोठवतात किंवा उष्णतेने जाळतात. पुष्कळदा पूर्ण भुलीवाचून हे साधते आणि रुग्ण लवकर घरी जातो. गाठ ३ सेंटिमीटरपर्यंत असल्यास परिणाम अधिक चांगला मिळतो. मात्र गाठ बाहेर निघत नसल्याने तिचा तुकडा आधी तपासावा. शस्त्रक्रियेच्या तुलनेत त्याच जागी गाठ पुन्हा उद्भवण्याची शक्यता काहीशी अधिक असते. तसे झाल्यास हाच उपचार पुन्हा करता येतो. त्यामुळे ठरावीक काळाने स्कॅन करणे अनिवार्य ठरते.

वय फार झाले असेल, हृदय दुर्बल असेल आणि गाठ लहान असेल, तर नियमित तपासण्या करीत वाट पाहणे हाही शास्त्रसंमत पर्याय आहे. अशा बहुतेक गाठी संथ गतीने वाढतात.

म्हणून डॉक्टरांना ‘कोणते यंत्र नवे?’ असे विचारण्यापेक्षा ‘उपचारानंतर मूत्रपिंडाचे कार्य किती टिकेल?’ असे विचारावे. मधुमेही किंवा एकच मूत्रपिंड असलेल्या रुग्णासाठी हा प्रश्न डायलिसिस टाळण्याशी निगडित असतो. सोबत जाणाऱ्यांनी क्रिएटिनिनचे जुने अहवाल, स्कॅनच्या फिल्म आणि औषधांची यादी जवळ ठेवावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती अवश्य सांगावी; मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.