तेरीज जुळत नाही तेव्हा



आज विषय स्वयंपाकघराबाहेरचा आहे. गाडीच्या काचेवर पाणी मारणाऱ्या वॉशरचा. हसू नका. त्या पाण्यावाचून माझ्या हातून अनर्थ झाला असता.

यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाल्यापासून गाडी मीच चालवते. गेल्या चातुर्मासातली गोष्ट. सांगलीहून कोल्हापूरला परतत होतो. जेवण सूर्यास्ताच्या आत व्हायला हवे म्हणून थोडी घाई. पाऊस थांबून ऊन पडलेले, सूर्य अगदी समोर. तेवढ्यात शेजारून गेलेल्या ट्रकने चिखल उडवला. मी वायपरची दांडी ओढली. वायपर फिरले, पाण्याचा थेंब नाही. कोरड्या काचेवर चिखल सारवल्यासारखा पसरला आणि त्यावर समोरचे ऊन. मला काही म्हणता काही दिसेना. काच खाली करून, मान बाहेर काढून गाडी कडेला घेतली, तेव्हा हातभर अंतरावर एक सायकलवाला होता. अजूनही आठवले की पोटात गोळा येतो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेले. बॉनेटही न उघडता उत्तर मिळाले, "काकू, पंप बदलावा लागेल. स्विचही गेला असेल. दोन्ही टाकून देतो." मी म्हटले, "तपासलेत का?" तर म्हणे, "तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

कळायचं नाही? मी बी.कॉम. आहे. तेरीज जुळली नाही तर आपण नवी खतावणी आणत नाही. सोप्या चुकीपासून सुरुवात करून एकेक नोंद बाद करत जातो. गाडीच्या विजेलाही हाच हिशेब लागू पडतो.

घरी आले. आधी टाकीत पाणी आहे ना, ते पाहिले. होते. मग इंजिन बंद ठेवून, फक्त चावी फिरवून दांडी ओढली आणि नातवाला बॉनेटजवळ कान द्यायला सांगितले. पंपाचा गुंऽऽ आवाज येत असेल तर वीज पोहोचते आहे. दोष नळीत किंवा काचेसमोरच्या बारीक छिद्रांत. ती छिद्रे टाचणीने साफ होतात. आमच्याकडे आवाजच नव्हता, म्हणजे दोष विजेचा.

मग फ्यूज. गाडीच्या पुस्तिकेत कोणता फ्यूज कशाचा याचा नकाशा असतो. काही गाड्यांत वायपर आणि वॉशरचा फ्यूज एकच, आमच्यात वेगळा. चावी काढून घेऊन फ्यूज उपसला. आतली तार शाबूत होती. तुटलेली असती तर तेवढ्याच अँपियरचा नवा घालायचा. लाल म्हणजे 10, निळा 15, पिवळा 20. जळतो म्हणून मोठा घालायचा नाही, नाहीतर फ्यूजऐवजी तार जळते.

यापुढचे काम ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतले, पण शेजारी उभी राहून. पुढच्या चाकाच्या आतले प्लॅस्टिक काढले की पंप दिसतो. त्याचे कनेक्टर काढून दोन टोकांना टेस्ट लॅम्प लावला आणि मी दांडी ओढली. दिवा लागला! म्हणजे फ्यूज, स्विच, तार, अर्थिंग सगळे ठीक. दिवा लागला नसता तर दोष मागे, पंपात नव्हे. आता उरला पंप आणि त्याच्या पिना. पिनांवर हिरवट गंज चढला होता. घासून कनेक्टर परत बसवले, आणि काचेवर पाण्याची कारंजी उडाली. नवा पंप नाही, नवा स्विच नाही. त्याची मजुरी तेवढी दिली.

माझे म्हणणे एवढेच. आपण दुधाचा, किराण्याचा पै-पैचा हिशेब ठेवतो, आणि गाडीशी आले की "मला बाई त्यातलं काही कळत नाही" म्हणून मोकळ्या होतो. हे वाक्य फार महाग पडते. पैशाने तर पडतेच, कधी जिवानेही. दुरुस्ती स्वतः करा असे मी म्हणत नाही. पण "पंपापर्यंत वीज येते का, ते दाखवा" हा एक प्रश्न विचारायला शिका. गाडीच्या काचेचा वायपर अमेरिकेतल्या मेरी अँडरसन नावाच्या बाईने 1903 साली पेटंट केला होता. एका बाईला तो सुचू शकतो, तर आपल्याला तो समजून का घेता येऊ नये?

आता महिन्यातून एकदा टाकी भरते. पाणी गाळूनच भरते. सवयही सांभाळली जाते आणि छिद्रेही तुंबत नाहीत. टाकी रिकामी असताना दांडी ओढत नाही, कारण कोरडा चालून पंप खराब होतो. आणि निघण्यापूर्वी एकदा पाणी उडवून बघते.

तुम्हीही आज खाली जाऊन दांडी ओढून बघा. पाणी येते का?