ट्रक चालकाचा, हिशेब कंपनीचा

अमेरिकेतील ट्रकचालकांच्या भरतीच्या जाहिरातींत एक मजकूर वर्षानुवर्षे फारसा न बदलता येत राहिला आहे. आरंभी पैसे भरावे लागणार नाहीत, पतीची चौकशी होणार नाही, दर आठवड्याला थोडी रक्कम वळती होईल आणि काही वर्षांनी ट्रक स्वतःचा होईल. भारतातील कोणत्याही बँकेच्या कर्ज विभागात बसणाऱ्या अधिकाऱ्याची नजर या मजकुरापाशी अडखळल्याखेरीज राहणार नाही. नवा असल्यास दीड लाख डॉलरच्या घरात जाणारे वाहन, पत न तपासता, पदरचा एक डॉलरही न घातलेल्या माणसाच्या हाती सोपवले जाते. धनको एवढा उदार होतो, तेव्हा वसुलीची वाट त्याने अन्यत्र काढून ठेवलेली असते.

ही वाट कोणती, हे भाडेपट्टा-खरेदी योजनेच्या कागदपत्रांवरून उमगते. बहुधा करार दोन असतात. पहिल्या करारान्वये वाहतूक कंपनी, किंवा तिच्याशी संलग्न असलेली भाडेपट्टा कंपनी, चालकाला ट्रक भाड्याने देते. दुसऱ्या करारान्वये चालक तोच ट्रक स्वतःच्या श्रमांसह त्याच वाहतूक कंपनीच्या सेवेत पुन्हा देतो. ट्रक कंपनीच्या आवारातून निघून कंपनीच्याच कामावर रुजू होतो. मधल्या मध्ये बदल एवढाच होतो, की सकाळपर्यंत नोकर असलेला चालक सायंकाळी 'स्वतंत्र व्यावसायिक' ठरतो. डिझेल, दुरुस्ती, टायर, विमा, परवाने या सर्वांचा भार त्याच्या खात्यावर येतो. नोकराच्या वेतनावरील सामाजिक सुरक्षा व आरोग्य कराचा निम्मा वाटा, म्हणजे ७.६५ टक्के, मालक भरतो. स्वतंत्र व्यावसायिकाला संपूर्ण १५.३ टक्के स्वतः भरावे लागतात. बेकारी विमा नाही, भरपगारी रजा नाही.

हिशेबाचे स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण मांडता येईल. चालकाला इंधन अधिभारासह मैलामागे १.६० डॉलर मिळतात असे धरू. ट्रकचे साप्ताहिक भाडे ९५०, विमा व परवाने २५० आणि इतर उपकरणांचे ७५ डॉलर, म्हणजे आठवड्याला १,२७५ डॉलर स्थिर खर्च. ट्रक एका गॅलनमध्ये साडेसहा मैल जातो व डिझेल गॅलनला ४ डॉलर आहे. दुरुस्ती निधी व मैलावर आधारलेले जादा भाडे मिळून मैलामागे १७ सेंट कापले जातात. चालक आठवड्यात २,५०० मैल धावला, तर ४,००० डॉलर जमा होतात आणि ३,२३८ डॉलर वजा होतात. हाती ७६२ डॉलर उरतात, तेही कर भरण्यापूर्वीचे. पुढच्या आठवड्यात माल कमी मिळाला आणि धाव १,५०० मैलांवर आली, तर जमा २,४०० आणि वजावट २,४५३ डॉलर. आठवडाभर रस्त्यावर राहून, ट्रकमध्येच झोपून, चालक कंपनीला ५३ डॉलर देणे लागतो. ही बाकी पुढील आठवड्याच्या हिशेबात प्रथम वसूल होते. तोच चालक मैलामागे ५५ सेंटांवर नोकरीत असता, तर चांगल्या आठवड्यात त्याला १,३७५ आणि वाईट आठवड्यात ८२५ डॉलर मिळाले असते.

या उदाहरणात 'ना नफा ना तोटा' बिंदू सुमारे १,५६५ मैलांवर येतो. त्याखालील प्रत्येक मैल तोट्याचा. वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही हे गणित सोडवू शकेल. विचार करण्याजोगी बाब वेगळीच आहे. चालकाला आठवड्यात किती मैल मिळणार, हे चालक ठरवत नाही. कोणता माल, कोठून कोठे, केव्हा, हे कंपनीचा डिस्पॅचर ठरवतो. मालाची फेरी नाकारण्याचा अधिकार कागदावर असतो. पण फेरी नाकारणाऱ्याला पुढची फेरी कधी मिळेल, हेही डिस्पॅचरच्याच हाती असते. गोदामाच्या दारात माल उतरवण्यासाठी सहा तास तिष्ठत राहिलेल्या चालकाच्या भाड्याचा काटा थांबत नाही. संघीय नियमांनुसार दहा तासांच्या सलग विश्रांतीनंतर अकरा तासांहून अधिक काळ ट्रक चालवता येत नाही, आणि डिसेंबर २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र बहुतेक चालकांना सक्तीचे झाले. त्यामुळे वाया गेलेले तास रात्री जागून भरून काढण्याचा मार्गही नियमाने बंद आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो बंद असलाच पाहिजे. परंतु भाडेपट्ट्याची रचना मात्र चालकाला नेमकी उलट दिशेने ढकलत राहते.

बँकेच्या दृष्टीतून पाहता या योजनेतील दोष व्याजदरात शोधण्याचे कारण नाही. बँकेने वाहन कर्ज दिले, की कर्जदाराचे हित आणि बँकेचे हित बऱ्याच अंशी एका दिशेला वाहू लागते. हप्ते थकले तर बँकेलाच तरतूद करावी लागते, वाहन जप्त करून पडत्या भावात विकावे लागते, आणि एवढे करूनही मुद्दल पूर्ण सुटेल याची खात्री नसते. म्हणून कर्ज देण्यापूर्वी कर्जदाराचे उत्पन्न तपासले जाते. भाडेपट्टा-खरेदीत चालक अर्ध्यावर सोडून गेला, तर ट्रक कंपनीकडे परत येतो, त्याने भरलेली रक्कम परत जात नाही, आणि तोच ट्रक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चालकाला त्याच अटींवर देता येतो. मालकी हस्तांतरित होण्याचा प्रसंग जितका लांबेल, तितके कंपनीचे भाडे चालू राहते. ऋणकोच्या अपयशात धनकोला तोटा होत नसेल, तर ऋणकोची पत तपासण्याचे त्याला प्रयोजनच काय? जाहिरातीतील त्या औदार्याचे मूळ येथे सापडते.

ही परिस्थिती एकाएकी उद्भवली नाही. १९८० च्या मोटर कॅरियर कायद्याने अमेरिकेतील मालवाहतुकीवरील दरनियंत्रण व प्रवेशनिर्बंध मोठ्या प्रमाणात सैल झाले. कंपन्यांची संख्या वाढली, दर उतरले, ग्राहकाचा लाभ झाला. स्पर्धेत टिकण्यासाठी स्थिर खर्च दुसऱ्याच्या माथी ढकलणे हा सोपा उपाय होता, आणि तो दुसरा म्हणजे चालक. ट्रक भाडेपट्ट्यात पारदर्शकता आणणारे संघीय नियम १९७९ पासून आहेत. करार लेखी असावा, वजावटी त्यात नमूद असाव्यात, चालकाचा राखीव निधी करार संपल्यापासून ४५ दिवसांत परत करावा, अशा चांगल्या तरतुदी त्यांत आहेत. मात्र हे नियम प्रामुख्याने चालकाने कंपनीला ट्रक देण्याच्या, म्हणजे वर सांगितलेल्या दुसऱ्या, कराराविषयी आहेत. चालकाचे कंबरडे मोडते ते पहिल्या करारात.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेल्या 'न्यू प्राइम विरुद्ध ऑलिव्हेरा' या खटल्यात हे चित्र न्यायालयीन कागदपत्रांत उमटले. चालकाने प्रथम कंपनीत प्रशिक्षण घेतले. पुढे कंपनीच्या सूचनेवरून स्वतःची मर्यादित दायित्व संस्था स्थापन केली आणि संलग्न कंपनीकडून ट्रक भाड्याने घेतला. वजावटींमुळे काही आठवड्यांचे वेतनपत्रक उणे निघत असे, ही त्याची तक्रार. काही काळाने तो त्याच कंपनीत साधा नोकर म्हणून परतला, आणि त्याच्या म्हणण्यानुसार काम जवळपास तेच राहिले. १५ जानेवारी २०१९ रोजी न्यायालयाने एकमुखाने निर्णय दिला, की १९२५ च्या लवाद कायद्यातील वाहतूक कामगारांसाठीची सूट स्वतंत्र व्यावसायिक म्हणवल्या जाणाऱ्या चालकांनाही लागू होते. म्हणून कंपनी त्यांना लवादाकडे जाण्याची सक्ती या कायद्याच्या आधारे करू शकत नाही. वेतनाच्या मूळ प्रश्नावर हा निर्णय नव्हता. तथापि न्यायालयाचे दार उघडले गेले आणि पुढे कंपनीने २.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली.

लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोड बंदरांची कहाणी अधिक बोधक आहे, कारण तेथे हेतू निर्विवाद चांगला होता. बंदरांतून कंटेनर वाहणारे जुने ट्रक काळा धूर ओकत आणि भोवतालच्या वस्त्यांतील माणसे तो धूर श्वासात घेत. १ ऑक्टोबर २००८ पासून बंदरांनी जुन्या ट्रकांना टप्प्याटप्प्याने बंदी केली आणि हवा खरोखर सुधारली. परंतु जुना, कर्जमुक्त ट्रक चालवून पोट भरणाऱ्या चालकापाशी लाख डॉलरचा नवा ट्रक घेण्याची ऐपत नव्हती. अनेक वाहतूक कंपन्यांनी नवे ट्रक घेतले आणि ते भाडेपट्टा-खरेदीने याच चालकांना दिले. त्यांच्यापुढे सही करणे किंवा काम सोडणे, एवढाच पर्याय उरला. 'यूएसए टुडे' या वृत्तपत्राने २०१७ मध्ये या व्यवस्थेचा प्रदीर्घ शोध घेतला. वजावटीनंतर एका आठवड्यात हाती ६७ सेंट आलेल्या चालकाचा हिशेब त्यात आहे. कॅलिफोर्नियाच्या श्रम आयुक्तांकडे शेकडो चालकांनी दावे दाखल केले आणि निर्णय झालेल्या बहुसंख्य दाव्यांत निकाल चालकांच्या बाजूने लागला. स्वच्छ हवेचे बिल समाजाने भरावयाचे होते. ते ज्यांच्यापाशी सर्वांत कमी होते, त्यांच्याकडून वसूल झाले.

या योजनांच्या समर्थनार्थ जे म्हटले जाते, त्यात तथ्य नाही असे नाही. नुकताच देशात आलेला, पतइतिहास नसलेला, किंवा एकदा दिवाळखोरीत गेलेला चालक बँकेच्या दारात उभा राहिला, तर बँक त्याला परत पाठवते. कॅलिफोर्नियातील पंजाबी चालकांप्रमाणे नातलगांचे व बिरादरीचे पाठबळ प्रत्येकाला लाभत नाही. अशा माणसाला ट्रकपर्यंत पोहोचवणारी हीच एक पायरी असते, आणि काटकसर व नशीब यांच्या जोरावर ती चढून गेलेले चालकही आहेत. तरीही २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यान्वये नेमलेल्या संघीय ट्रक भाडेपट्टा कार्यगटाने जानेवारी २०२५ च्या अहवालात या योजनांवर बंदी घालण्याचीच शिफारस केली. ही शिफारस कठोर वाटली, तरी अयोग्य म्हणता येत नाही. करारात अधिक माहिती देण्याची सक्ती केल्याने काय साधणार? चालकाला भाड्याची रक्कम आधीच ठाऊक असते. त्याला ठाऊक नसतात ते पुढील तीन वर्षांत मिळणारे मैल, आणि ते त्याला कोणताही कागद सांगू शकत नाही. जून २०२२ मध्ये डिझेलची सरासरी किंमत गॅलनला ५.८० डॉलरच्या पुढे गेली आणि त्याच वर्षी मालवाहतुकीचे दर घसरू लागले, तेव्हा तेजीच्या भरात करार केलेल्यांना याचा अनुभव आला. पतहीन चालकाला ट्रक मिळाला पाहिजे हे खरेच. परंतु काम देणारा आणि ट्रक देणारा हे दोघे वेगळे असावयास हवेत.

भारतात ट्रक-वित्ताची घडण निराळी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ नुसार हायपोथिकेशनची नोंद नोंदणी पुस्तिकेत होते. पण पुस्तिकेवर मालक म्हणून नाव कर्जदाराचेच असते. तो आज एका वाहतूकदाराचा माल वाहील, उद्या दुसऱ्याचा. बँकेला त्यात मत नसते. याचा अर्थ येथे सर्व आलबेल आहे असा नव्हे. वसुलीसाठी गुंडांकरवी वाहने ओढून नेण्याच्या प्रकारांवर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कठोर शब्दांत ताशेरे ओढावे लागले होते. शिवाय अमेरिकेतील त्या योजनेचे धाकटे भावंड भारतीय शहरांत केव्हाच अवतरले आहे. ॲपवरून टॅक्सी पुरवणाऱ्या व्यवसायात गाडी भाडेपट्ट्याने देणारा आणि प्रवासी देणारा एकाच छत्राखाली असल्याची उदाहरणे आहेत. रोजचे भाडे चालकाच्या कमाईतून थेट वळते होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतील ॲप-टॅक्सी चालकांनी घटत्या उत्पन्नाविरुद्ध संप केला, तेव्हा इंधनाचे भाव व गाडीचे हप्ते हेच त्यांच्या गाऱ्हाण्यांच्या मुळाशी होते.

असा चालक भाडेपट्टा सोडून स्वतःच्या गाडीसाठी कर्ज मागण्यास शाखेत येतो, तेव्हा त्याच्या पतअहवालात सहसा काही दिसत नाही. दोन-तीन वर्षे रोज भरलेली रक्कम भाडे असते, कर्जफेड नव्हे. पतइतिहास नाही म्हणून अर्ज फेटाळणे सर्वांत सोपे; मात्र त्याने तो चालक पुन्हा त्याच योजनेकडे वळतो. त्याच्यापाशी कंपनीची साप्ताहिक हिशेबपत्रके असतात. किमान बारा महिन्यांची मागवून घ्यावीत, सरासरी काढण्यापूर्वी त्यांतील सर्वांत वाईट चार आठवडे पाहावेत, आणि त्या चार आठवड्यांत भाडे चुकते झाले असेल, तर ते पत्रक अर्जासोबत जोडून प्रस्ताव पुढे पाठवावा.