क्षण आणि कण

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी पाटावर लक्ष्मीची प्रतिमा मांडली जाते. तिच्यापुढे नाणी, नोटा, घरातील किडूकमिडूक सोने, शेजारी केरसुणी, लाह्या-बत्तासे. पेढीवर याच वेळी कोरी वही पूजेला ठेवतात, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात. प्रापंचिकांच्या घरी मात्र पूजेत धन असते, पण वही नसते. धनाची पूजा करावी आणि त्याच्या हिशेबाचा कंटाळा करावा, ही विसंगती आम्हांस गेली काही वर्षे बोचत आहे. ती आज वाचकांपुढे मांडावी असे वाटते.

गतवर्षी मुळशी खोऱ्यातील एका गावी सप्ताहाचे कीर्तन आटोपून आम्ही देवळाच्या पारावर टेकलो होतो. एक गृहस्थ जवळ येऊन बसले आणि म्हणाले, "महाराज, एक विचारू? घरी मंडळी म्हणतात, रोजचा खर्च वहीत लिहीत जा, चार पैसे मागे टाका. पण दहा रुपये वाचवायचे तर माणसाचा तास जातो. तोच तास नामाला दिला तर काय बिघडलं?" प्रश्न भाबडा नव्हता. भोवतीची मंडळीही कान देऊन ऐकत होती. आम्ही त्या वेळी सराईतपणे वैराग्याचे दोन शब्द बोललो, मंडळींनी माना डोलावल्या आणि विषय संपला. परंतु परतीच्या वाटेवर आमचे आम्हांसच ते उत्तर खोटे वाटू लागले. त्या गृहस्थांचे खरे उत्तर आमच्याकडे बाकी आहे.

या प्रश्नाला आमच्या कीर्तनपरंपरेतच एक आख्यान आहे. शांतिब्रह्म एकनाथमहाराज देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना स्वामींनी त्यांना हिशेबाचे काम सांगितले होते. एकदा ताळ्यात एका पैची चूक राहिली. नाथांनी रात्री दिवा लावला आणि वह्या चाळीत बसले. उत्तररात्री ती चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामींना जाग आली. कारण कळल्यावर ते म्हणाले की, एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसारातली चूक सापडल्यावर केवढा होईल! येथे श्रोते गहिवरतात आणि कीर्तनकार भैरवी आळवतो. आम्हीही अनेक वर्षे तेच केले.

आता साठी उलटल्यावर या आख्यानातील न बोललेला भाग आम्हांस दिसू लागला आहे. स्वामींनी नाथांना 'वही मिटून टाक' असे सांगितले नाही. जे चित्त पैवर रात्रभर स्थिर राहू शकते तेच हरीवर स्थिर राहील, हे त्यांनी ओळखले होते. हिशेब हा त्या स्थैर्याचा अभ्यास होता. ज्याला स्वतःच्या घरातील शंभर रुपये कोठे गेले हे आठवत नाही, त्याने आपला दिवस कोठे गेला हे आठवत असल्याची बढाई मारू नये.

क्षण आणि कण यांना एकाच श्लोकात गुंफणारे एक सुभाषित संस्कृतच्या विद्यार्थ्याला आरंभीच भेटते. विद्या क्षणाक्षणाने मिळवावी, धन कणाकणाने, हा त्याचा आशय. सुभाषितकाराने दोहोंना एका दावणीस बांधले. 'कण वाचवू की क्षण वाचवू' असा झगडा त्याने लावला नाही. तो आपण लावतो, आणि बहुधा कण वाचवण्याचा कंटाळा आला की क्षणाचे मोल आपणांस आठवते. तास वाचला म्हणून तो नामस्मरणात गेला, असे किती जणांना प्रामाणिकपणे सांगता येईल?

हा प्रश्न मुळशीत विचारला गेला, हेही आम्हांस अर्थपूर्ण वाटते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, याच खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. विजेसाठी मुळा नदी अडवली जाणार होती आणि सुमारे पन्नास गावांवर पाण्याचे संकट होते. लढा १९२४ पर्यंत चालला, तरी धरण झालेच. या इतिहासातील एक गोष्ट उत्सवी भाषणांत क्वचितच सांगितली जाते. कसणारा मावळा जमीन सोडावयास तयार नव्हता, परंतु बरीच जमीन कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या हाती आधीच गेलेली होती, आणि सावकारांचा ओढा नुकसानभरपाईकडे होता. धरणाचे पाणी चढण्यापूर्वीच व्याजाचे पाणी चढलेले होते. त्या मावळ्यांनी उधळपट्टी केली असे आम्ही म्हणणार नाही. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवणाऱ्याच्या हाती शिल्लक ती काय राहणार? परंतु गाठीला काही नसले की अडीअडचणीला माणूस सावकाराच्या दारी जातो, आणि मग आपल्या जमिनीविषयी बोलण्याचा अधिकारही त्याच्याकडे उरत नाही, हे त्या इतिहासाने दाखवले.

पुढे काळ पालटला. याच तालुक्यात हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या, पिरंगुटला कारखाने आले, पौडपर्यंत बंगल्यांच्या वसाहती झाल्या. एकराची भाषा जाऊन गुंठ्याची भाषा आली. ज्या घराने एकरकमी दहा हजार पाहिले नव्हते त्या घरात लाखांच्या राशी आल्या. कोणी त्यांतून व्यवसाय उभारले, मुले शिकवली, दुसरीकडे शेती घेतली. परंतु कित्येक घरांत गाडी आली, बंगला झाला, लग्नात गावजेवणे उठली, आणि काही वर्षांनी त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या फाटकाशी घरचा मुलगा पहारेकरी म्हणून उभा राहिला. २०१८ साली या तालुक्याचे नाव मिरवणारा 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट निघाला, तो याच दुःखावर. आम्हांस त्या कुटुंबांची टवाळी करवत नाही. रास सांभाळण्याचे वळण कण सांभाळण्यातून येते, आणि ज्यांच्या हाती कणच कधी राहू दिला गेला नाही त्यांना ते वळण शिकवले कोणी? आम्हीही कीर्तनातून शिकवले नाही. 'धन मातीसमान' एवढे सांगून आम्ही बिदागी घेऊन परतलो.

येथे स्वतःविषयी एक कबुली देणे प्राप्त आहे. आमचे उत्पन्न बिदागीचे, म्हणजे चातुर्मासात भरती आणि एरवी ओहोटी. आमच्या सौभाग्यवती दररोज तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून झाला की जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दिवसाचा खर्च लिहीत आणि पोस्टातील आवर्ती खात्यात दरमहा ठरलेली रक्कम भरीत. आम्ही त्यांना हसत असू. 'दोन रुपयांची कोथिंबीरही लिहिता, इतका वेळ रामरक्षेला द्या' असे आम्ही म्हटल्याचे आठवते. पुढे एका वर्षी आमचा आवाज बसला. वैद्यांनी सात-आठ महिने गायन वर्ज्य सांगितले. कीर्तनकाराचा आवाज गेला की चूल गेली. त्या आठ महिन्यांत आम्हांस कोणापुढे हात पसरावा लागला नाही, तो त्या कॅलेंडरांच्या पाठींमुळे. वैराग्यावर निरूपण करणारे आम्ही, आणि आमच्या वैराग्याचा खर्च दुसरेच कोणी तिन्हीसांजेची पाच मिनिटे देऊन भागवीत होते. बचतीला वेळ घालवावा काय असे पुरुष विचारतात, तेव्हा तो वेळ बहुधा घरातील स्त्रीने आधीच दिलेला असतो.

मग शास्त्र काय सांगते? गीतेतील 'योगक्षेम' शब्दाचा अर्थ आचार्यांनी असा केला आहे: न मिळालेले मिळवणे हा योग, मिळालेले राखणे हा क्षेम. कौटिल्य आणखी पुढे जातो. न मिळालेले मिळवावे, मिळालेले राखावे, राखलेले वाढवावे आणि वाढलेले सत्पात्री द्यावे, अशा चार पायऱ्या तो सांगतो. आपण पहिली पायरी चढतो आणि पुण्य पदरी पडावे म्हणून एकदम चौथीवर उडी घेऊ पाहतो. मधल्या दोन पायऱ्यांनाच वेळ लागतो, आणि बचत तेथेच असते.

उद्या बलिप्रतिपदा. भागवताच्या आठव्या स्कंधात वामनाला दान देण्यास सिद्ध झालेल्या बळीला शुक्राचार्य सांगतात की धनाचे पाच भाग करावे: धर्मासाठी, कीर्तीसाठी, धनाच्या वाढीसाठी, स्वतःच्या उपभोगासाठी आणि स्वजनांसाठी. बळीने आपला शब्द मोडला नाही, सर्वस्व दिले आणि तो वंद्य झाला. परंतु म्हणून शुक्राचार्यांची वाटणी खोटी ठरत नाही. बळीने जे दिले ते त्याचे स्वतःचे होते. आपण सावकाराकडून शेकडा तीनने रक्कम उचलून लग्नात पंक्ती उठवतो आणि त्यास औदार्य म्हणतो. शेकडा तीन म्हणजे दरमहा तीन. लाखाला वर्षाचे छत्तीस हजार केवळ व्याज. ते दान नव्हे, ते पुढील पिढीच्या ताटातले वाढणे होय.

आता त्या गृहस्थांच्या तासाकडे येऊ. बचतीला दिलेला सर्वच वेळ सारखा नसतो. दहा रुपये स्वस्त भाजीसाठी पौडाहून पुण्याची मंडई गाठणे, अथवा मोबाइलवर एका वस्तूचे भाव अर्धा तास पाहत बसणे, हा वेळ गेला तो गेला, उद्या पुन्हा तेवढाच द्यावा लागतो. याउलट पोस्टात वा बँकेत एकदा जाऊन आवर्ती खाते उघडणे, अधिक व्याजाचे कर्ज आधी फेडणे, विमा व वारसनोंद नीट करणे यांस एक-दोन दिवस लागतात आणि ते वर्षानुवर्षे फळ देतात. दररोज पन्नास रुपये, म्हणजे महिना दीड हजार, वीस वर्षे बाजूस टाकले तर भरणा तीन लाख साठ हजारांचा होतो. त्यावर दरसाल सात टक्के चक्रवाढ मिळत गेली तर हाती सुमारे पावणेआठ लाख येतात. म्हणजे भरण्याहून अधिक रक्कम काळाने भरलेली असते. तेच पन्नास रुपये गव्हाच्या डब्यात लपवले तर महागाई त्यांना आतून पोखरते. भाव दरसाल सहा टक्क्यांनी वाढले तर बारा वर्षांत नोटेचे मोल निम्मे होते. धनत्रयोदशीला मुहूर्ताचे सोने घ्यावे, परंतु दागिन्याची घडणावळ मोडीत परत मिळत नाही, हे ध्यानी ठेवून.

अर्थात दुसऱ्या टोकाचाही धोका आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवंती नगरीतील कृपणाची कथा आहे. नाथांनी आपल्या टीकेत ती विस्ताराने रंगवली आहे. त्याने देव, अतिथी, स्वजन, एवढेच काय स्वतःचे पोटही उपाशी ठेवून धन साठवले, आणि ते सर्व गेले तेव्हा त्यास विवेक आला. त्याने बचत केली म्हणून तो निंद्य नव्हे. त्याची चौथी पायरीच नव्हती, म्हणून निंद्य. ज्या घरात पैसा साठतो पण दारी आलेल्याला पाणी विचारले जात नाही, तेथे कण वाचले असतील, क्षण मात्र सारेच्या सारे वाया गेले.

म्हणून त्या गृहस्थांना आमचे उत्तर असे: आपला तास नामालाच द्यावा, परंतु पाच मिनिटे वहीला द्यावीत. त्या पाच मिनिटांच्या बळावर तो तास निश्चिंत जातो. ज्याच्या डोक्यात हप्त्याची तारीख घोळत असते त्याच्या हातात माळ फिरते, मन फिरत नाही. आणि ती पाच मिनिटे घरातील एकाच व्यक्तीवर टाकू नयेत. पतिपत्नींनी एकत्र बसावे, मुलांनाही जवळ घ्यावे.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या पाटावर एक साधी, कोरी, दोनशे पानी वही ठेवावी, अशी आमची वाचकांस प्रार्थना आहे. पहिल्या पानावर 'श्री' लिहावे आणि दुसऱ्या पानापासून जमाखर्च. आमच्या घरी ती ठेवली जाईल. यंदा प्रथमच तिच्यावर आमचे अक्षर असेल. बायकोच्या अक्षराइतके ते सुबक नाही, पण ताळा जमेपर्यंत उठणार नाही, एवढे नाथांच्या स्मरणाने ठरवले आहे.

इति शम्.