फ्लॅटबेड ट्रेलर किती फुटी घ्यायचा? आधी माल मोजा



ट्रान्सपोर्टचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, फ्लॅटबेड ट्रेलर घ्यायचाय, किती फुटी घेऊ?" बऱ्याचदा विचारणाऱ्याचं उत्तर ठरलेलंच असतं. एक तर परवडेल तेवढा लांब, नाहीतर मधला ३२ फुटी, म्हणजे "दोन्हीकडची कामं मिळतील." मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत. त्यातही मधल्या लांबीचं तर अजिबात नाही.

आधी एक गैरसमज काढून टाका. लांब ट्रेलर जास्त वजन नेतो, असं नसतं. वजन ठरतं ॲक्सलवर. २०१८ च्या सुधारित नियमांप्रमाणे हिशोब असा : पुढचा ॲक्सल ७ टन, घोड्याचा मागचा एक ॲक्सल ११.५ टन आणि ट्रेलरखालचे तीन ॲक्सल मिळून २७ टन. एकूण ४५.५ टन. (घोडा म्हणजे पुढची ओढणारी गाडी, नवीन लोकांसाठी सांगतोय.) घोड्याला मागे दोन ॲक्सल असले तर तिथे ११.५ ऐवजी २१ टन, आणि एकूण ५५. या बेरजेत ट्रेलरची लांबी कुठेच येत नाही, बघा.

उलट लांबी वाढली की लोखंड वाढतं, आणि ते वजन तुमच्याच मालातून वजा होतं. समजा ४५.५ टनांच्या गाडीचं रिकामं वजन १४ टन आहे. मग माल बसणार ३१.५ टन. त्याच ॲक्सलवर आखूड ट्रेलर बांधून रिकामं वजन एक टनाने कमी झालं, तर प्रत्येक खेपेला एक टन माल जास्त. महिन्याला २० खेपा धरा, वर्षाला २४० टन झाले. भाडं टनावर मिळत असेल तर हे पैसे कोणाच्या खिशातून जातायत ते तुम्हीच ठरवा. डिझेल, टोल, ड्रायव्हर, हप्ता सगळं तेवढंच राहतं.

मग लांबी कशासाठी लागते? माल लांब असतो म्हणून. आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण शोरूममध्ये ती कोणी सांगत नाही. आपल्याकडचा बराचसा लांब माल ६ आणि १२ मीटरच्या मापात येतो. सळईची मूळ लांबी १२ मीटर. लोखंडी पाइप बहुतेक ६ मीटरचे. कंटेनर २० फुटी किंवा ४० फुटी, म्हणजे साधारण ६.१ आणि १२.२ मीटर. जालन्याच्या स्टील कारखान्यांतून निघणारा माल बघा, कळंबोलीच्या लोखंड बाजारात उभं राहून बघा, न्हावा शेवाच्या गेटवर बघा, हीच मापं दिसतील.

आता यात तुमचा ३२ फुटी बसवा. ३२ फूट म्हणजे पावणेदहा मीटर. सरळ सळई बसत नाही. ४० फुटी कंटेनर बसत नाही. २० फुटी एकच बसतो, दोन नाही. सहा मीटरच्या पाइपची एक थप्पी लावली की मागे जवळपास १२ फूट जागा नुसती हवा खात जाते. म्हणजे लांब गाडीचं वजन आणि किंमत बऱ्यापैकी पदरात पडली, पण तिची कामं मिळाली नाहीत. "दोन्हीकडची कामं" हे गणित इथे फसतं.

हो, अपवाद आहे. विजेच्या लाइनसाठी लागणारे सिमेंटचे खांब ८ आणि ९ मीटरचे असतात. खांब बनवणारा कारखाना तुमच्या हातात असेल, वर्षभराचं काम बोलून झालं असेल, तर ३० ते ३२ फुटीच योग्य. पण त्या वेळी तुम्ही मधली लांबी घेत नसता, त्या मालाची लांबी घेत असता.

काही जण म्हणतात, थोडा माल मागे बाहेर आला तर काय बिघडतं? खूप बिघडतं. मागे बाहेर आलेल्या सळया रात्री मागच्या गाडीवाल्याला दिसत नाहीत आणि माणसं जातात. पूर्वी नियमात थोडी सूट होती, ती २०१४ मध्ये काढली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बाहेर आलेल्या मालासाठी दंड २० हजार, शिवाय माल उतरवण्याचा खर्च तुमचा. ओव्हरलोडला पण २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. एका पावतीत अख्ख्या खेपेची कमाई जाऊ शकते.

मग ४० फुटीच घ्यायचा का? सरळ सळई, बारा मीटरचे गर्डर, ४० फुटी कंटेनर यांचं काम असेल तर हो, आणि कंटेनरचे लॉक २० फुटी डब्यांसाठीही बसवून घ्या. मात्र दोन भरलेले २० फुटी डबे चढवण्याआधी काट्याची पावती बघा, जागा असली तरी वजन बसेलच असं नाही. पण काम कॉइलचं, मशिनरीचं, जड पण आटोपशीर मालाचं असेल तर आखूड आणि मजबूत ट्रेलर घ्या. एकेक कॉइल २० टनांच्या वर जाते आणि सगळा भार दीड-दोन मीटरच्या जागेवर देते. बांधणाऱ्याला हे आधीच सांगा, म्हणजे तो चेसीला तिथे जोर देईल.

शेवटचा किलोमीटर तर कोणी मोजतच नाही. भोसरीसारख्या जुन्या वसाहतीतल्या आतल्या गल्लीत, किंवा गावातल्या साइटवर, ४० फुटी वळवायचा म्हणजे ड्रायव्हरचा अर्धा दिवस. माल उतरवायला क्रेन कुठे उभी राहणार तेही बघा. बुकिंगच्या आधी तुमच्या पहिल्या तीन ग्राहकांच्या गेटवर टेप घेऊन जा. गेटची रुंदी, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि त्यांच्या सगळ्यात लांब मालाचं माप वहीत लिहा. तीन ग्राहक अजून ठरलेच नसतील तर ट्रेलर थांबू द्या, तोवर भाड्याच्या गाडीवर माल पोचवून बघा.

"आत्ता आखूड घेतो, नंतर वाढवून घेईन" असं मनात असेल तर तेही सोडा. ट्रेलरची आरटीओत स्वतंत्र नोंदणी होते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलात बसणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही. गॅरेजवाला हो म्हणेल. अपघात झाला आणि विमा कंपनीचा माणूस टेप घेऊन आला, की तो गॅरेजवाला फोन उचलणार नाही.